चेंडू एक, उपदेश अनेक

आपल्या शाळेच्या पटांगणावर सॉफ्टबॉलचा खेळ कित्येक वर्षें चालू आहे, हें या वार्षिकाच्या वाचकांस ठाऊक आहेच. माणिकगडच्या डोंगरावर वसलेल्या या जिवती तालुक्यांत सपाट जागा मिळावयाची म्हणजे मुलांना प्रथम दगड वेंचावे लागतात. अशा ठिकाणीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं १८८७ सालीं जन्मलेला खेळ इतक्या आवडीनें खेळला जावा, याचें बाहेरून येणाऱ्यास नवल वाटतें. मला त्याचें नवल वाटत नाहीं. विटी आणि दांडू ज्यांच्या हातीं लहानपणापासून आहेत त्यांना चेंडू आणि बॅट परकी कां वाटावीं? मला नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. खेळ सोपा असतां त्याचें शिकविणें इतकें अवघड कां होऊन बसलें, आणि तें अवघड करण्यांत आम्हां शिकविणाऱ्यांचा वाटा किती, हा प्रश्न मला गेलें वर्षभर सतावीत आहे. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक हकीकत सांगतों. तींत दोष बराचसा माझा आहे, म्हणून ती मींच सांगितलेली बरी.

नववीच्या वर्गांत कोलामांच्या गुड्यावरून येणारी एक मुलगी आहे. घरीं तिची भाषा कोलामी, शाळेंत मराठी, बाजारांत थोडी तेलुगु. इंग्रजी ही तिची चौथी भाषा. ती बॅट हातीं घेई तेव्हां पाहणारा थांबून पाही. तिला कोणीं फारसें शिकविलेलें नव्हतें. चेंडू आला कीं ती तो मारी, आणि मारलेला चेंडू कुंपणापलीकडच्या पळसापर्यंत जाई. गेल्या वर्षीं स्पर्धेच्या आधीं बाहेरगांवचे एक प्रशिक्षक तीन दिवसांसाठीं आले. गृहस्थ तळमळीचे, वेळेचे पक्के आणि मुलांवर माया करणारे. त्यांनीं फटक्याचें शास्त्र सांगावयास आरंभ केला: लोड घे, हात चेंडूच्या आंत ठेव, मागील पायानें किडा चिरड, चेंडूवर खालीं मार, मागें रहा, कंबर आधीं सोड, डोळा चेंडूवरून काढूं नको. मीं त्या सर्व सूचना फळ्यावर लिहिल्या, त्यांना अनुक्रमांक दिले, आणि शिक्षकाच्या जुन्या संवयीप्रमाणें त्या मुलांकडून पाठ करून घेतल्या.

तिसऱ्या दिवशीं ती मुलगी बॅट घेऊन उभी राहिली तेव्हां तिचे ओठ हलत होते. ती सूचना म्हणत होती. चेंडू आला आणि गेला. दुसरा आला आणि गेला. मीं रागानें विचारलें, "अग, मारीत कां नाहींस?" ती शांतपणें म्हणाली, "सर, चेंडू येतो तेव्हां मी कोणतें आठवूं?"

या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. स्पर्धेंत तिला एकहि चांगला फटका साधला नाहीं, आणि परत आल्यावर कित्येक आठवडे ती पटांगणाकडे फिरकली नाहीं. शालेय स्पर्धांत ठराविक पातळी गांठणाऱ्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेंत कांहीं वाढीव गुण मिळतात, आणि आमच्या डोंगरावरील मुलांना ते लाखमोलाचे असतात, हें सांगावयास नकोच. पण गुणांची गोष्ट राहूं द्या. जें तिला येत होतें तें आम्हीं शब्दांनीं तिच्यापासून काढून घेतलें, हें मला अधिक लागलें.

तेव्हांपासून मीं या शब्दांचा अभ्यास केला. पुस्तकें चाळलीं, आणि मोबाईलवर मिळणाऱ्या असंख्य चित्रफितींपैकीं पुष्कळ पाहिल्या. त्यावरून जें ध्यानांत आलें तें क्रमानें मांडतों.

'लोड' हा शब्द घ्या. फटक्यापूर्वीं शरीराचा भार किंचित् मागील पायावर घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. परंतु आमच्या मुलांना लोड ठाऊक तो बैठकींत पाहुण्यांच्या पाठीशीं ठेवतात तो. आणि हल्लींच्या बोलण्यांत 'लोड घेऊं नकोस' म्हणजे चिंता करूं नकोस. मैदानावर "लोड घे, लोड घे" असा घोष ऐकून एका मुलानें निरागसपणें विचारलें, "खेळतांना चिंता करावयाची काय?" 'हात चेंडूच्या आंत ठेव' ही तर कोडें घातल्यासारखी सूचना. चेंडू कांहीं पोकळ नाहीं! मूळ अभिप्राय असा कीं, हात अंगापासून लांब फांकूं न देतां शरीर व चेंडू यांच्या मधून जवळून न्यावे, म्हणजे बॅट लौकर फिरते. इंग्रजी शब्दांचें शब्दशः मराठी केल्यानें अर्थ तर गेलाच, वर भाषेचीहि शोभा झाली.

हे झाले केवळ न समजलेले शब्द. याहून घातक ते, जे समजतात पण खरे नसतात. 'किडा चिरड' याचा अर्थ मागील पायाचा चवडा जमिनीवर रगडून फिरव. आमच्या मुलींना तो तत्काळ समजला. पावसाळ्यांत विंचू-किडे त्या नित्य पाहतात. त्यांनीं पाय असे रगडले कीं सारा भार मागेंच अडकून राहिला. प्रत्यक्षांत नामांकित खेळाडूंचीं वेगवान् छायाचित्रें पाहिलीं तर बॅट चेंडूला भिडते त्या क्षणीं त्यांपैकीं पुष्कळांचा मागील पाय हलका झालेला, क्वचित् जमिनीवरून उचललेलाहि दिसतो. म्हणजे पाय फिरतो तो कंबर फिरल्यामुळें. तो परिणाम आहे. त्यालाच कारण समजून आम्ही मुलांना पायापासून आरंभ करावयास लावतों.

'चेंडूवर खालीं मार' हेंहि तसेंच. बॅट खांद्याजवळून निघते आणि चेंडू कंबरेच्या उंचीवर येतो; तेव्हां प्रथम ती खालीं येणारच. मारणाऱ्याला हात खालीं येत आहेत असें वाटतें, आणि तो प्रामाणिकपणें तसें सांगतो. परंतु चेंडूला भिडतेवेळीं चांगल्या फटक्यांत बॅट सपाट किंवा किंचित् वर जात असते. अमेरिकेंतील विख्यात फलंदाज टेड विल्यम्स यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत याचें साधें कारण दिलें आहे. बेसबॉलमध्यें गोलंदाज उंचवट्यावरून फेंकतो, चेंडू उतरत उतरत येतो. म्हणून बॅट किंचित् चढत गेली तरच ती चेंडूच्या वाटेवर अधिक काळ राहते. हे तेच विल्यम्स, ज्यांनीं १९४१ सालीं शंभर पाळ्यांमागें चाळीसांहून अधिक यशस्वी फटक्यांचें प्रमाण राखलें. अमेरिकेच्या प्रमुख संघांत त्यानंतर तें राखणारे अगदीं विरळा. शिवाय आपण खेळतों तो सॉफ्टबॉल. त्यांत उंचवटा नाहीं, चेंडू हात खालून फिरवून कंबरेजवळून सोडतात, अंतरहि निराळें: बेसबॉलमध्यें १८.४४ मीटर, तर मुलींच्या मोठ्या गटाच्या सॉफ्टबॉलमध्यें १३.११ मीटर. चेंडूची वाट निराळी असतां फटक्याची सूचना एकच कशी असेल?

पुन्हां या शास्त्राचे आचार्यहि एकमताचे नाहींत. विल्यम्स यांचा भर कंबरेच्या फिरण्यावर. चार्ली लाउ यांनीं १९८० सालच्या आपल्या पुस्तकांत भार मागून पुढें नेण्यावर भर दिला. गंमत अशी कीं, लाउ स्वतः सामान्य प्रतीचे फलंदाज. पण त्यांचा शिष्य जॉर्ज ब्रेट यानें त्याच वर्षीं शंभरांमागें एकोणचाळीसपर्यंत मजल मारली. दोन्ही मार्गांनीं माणसें यशस्वी झालीं. परंतु दोन्ही मार्गांच्या खुणा एकाच फळ्यावर लिहून त्या एका मुलीला पाठ करावयास लावणें, म्हणजे राजुऱ्याला जाणाऱ्याच्या हातीं नकाशा राजुऱ्याचा देऊन खुणा मात्र आदिलाबादच्या सांगण्यासारखें आहे. 'मागें रहा' आणि 'भार पुढें ने' या सूचना तिनें एकाच श्वासांत ऐकल्या होत्या. डोकें मागें राहावें व कंबर पुढें जावी, असा त्यांचा मेळ घालतां येतो. पण तो कोणीं घालून दिला नव्हता, मींहि नाहीं.

'डोळा चेंडूवरून काढूं नको' या सर्वमान्य उपदेशाचीहि १९८४ सालीं बाहिल व लारित्झ या दोघां अमेरिकन संशोधकांनीं परीक्षा केली. त्यांना आढळलें कीं, कसलेल्या खेळाडूचा डोळासुद्धां चेंडूच्या मागें शेवटपर्यंत जाऊं शकत नाहीं. शेवटच्या कांहीं फुटांत चेंडू डोळ्याला मागें टाकतोच. पुढें २००० सालीं लँड व मॅक्लिऑड यांनीं क्रिकेटच्या फलंदाजांचे डोळे तपासले. निष्णात फलंदाज चेंडू सुटतांना पाहतो, मग तो जेथें टप्पा घेईल तेथें नजर आधींच नेऊन ठेवतो. म्हणजे उपदेश चांगला, पण वस्तुस्थिति निराळी.

आतां वेळेचा हिशेब पाहूं. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें आलेला चेंडू तेरा मीटर अंतर अर्ध्या सेकंदाहूनहि कमी काळांत कापतो. त्यांतील मोठा भाग चेंडू ओळखण्यांत आणि मारावा कीं सोडावा हें ठरविण्यांत जातो. प्रत्यक्ष फटक्याला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा उरतो. एवढ्या काळांत सात सूचना तर सोडाच, एक सूचनाहि मनांत म्हणून होत नाहीं. कोणतें आठवूं, या त्या मुलीच्या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर हेंच: कांहींहि आठवूं नको.

मग हे शब्द निर्माण झाले कसे? कोणी लबाडी केली असें मला वाटत नाहीं. माझी समजूत अशी आहे कीं, यांतील प्रत्येक सूचना मुळांत एखाद्या विशिष्ट खेळाडूच्या विशिष्ट दोषावरील औषध होती. कोणी एक मुलगा दर वेळीं बॅट खालून वर उचलून चेंडू आभाळांत उडवीत असेल, त्याला गुरूनें सांगितलें, "खालीं मार." तो बॅट खालीं आणावयास गेला आणि सपाटीवर आला, गुण आला. कोणी पाय मुळींच फिरवीत नसेल; त्याला सांगितलें, "किडा चिरड." त्याचें काम झालें. मग शिष्यांनीं तें औषध आहे हें विसरून तोच आहार म्हणून सर्वांना वाढला. ज्याला ज्वर नाहीं त्याला कोयनेल दिलें तर त्याचे कान वाजावयाचेच! आपल्या या हिवतापाच्या मुलखांत ही उपमा कोणास समजावून द्यावयास नको. त्या मुलीला कोणताच ज्वर नव्हता. आम्हीं तिला सात औषधें एकदम पाजलीं.

आपल्या जुन्या शिक्षणाची रीत अशी नव्हती. तालमींतील शब्द पाहा. 'धोबीपछाड' म्हणतांच धोबी ओलें कापड खांद्यावरून घेऊन दगडावर आपटतो तें चित्र पुढें उभें राहतें. हात कोठें, कंबर कोठें, पाय कोठें, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. सबंध हालचाल एका शब्दांत सांपडते. 'पवित्रा' हा शब्दहि तसाच. उभें कसें राहावें हें वस्ताद दाखवितो, आणि तो शब्द त्या दाखविण्याला चिकटून राहतो. मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनीं सचिन तेंडुलकरला शिकविलें त्याची गोष्ट सर्वश्रुत आहे. यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवावयाचें. गोलंदाजानें त्रिफळा उडविला तर नाणें त्याचें, शेवटपर्यंत कोणास उडवितां आला नाहीं तर सचिनचें. त्या नाण्यानें मुलाचें लक्ष स्वतःच्या हातापायांवरून काढून जेथें पाहिजे तेथें नेलें. आचरेकर सरांस १९९० सालीं द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या नांवावर एखादी परिभाषा नाहीं, नाणें आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन बालपणीं पाण्याच्या टांकीच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू फेंकीत आणि उसळून येणारा तो चेंडू यष्टीच्या दांडक्यानें मारीत. तेथेंहि गुरु म्हणजे चेंडूच.

अलीकडील संशोधनहि याच बाजूस झुकतें. गाब्रिएले वुल्फ या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं गोल्फ शिकणाऱ्या नवशिक्यांचे दोन गट केले. एका गटास सांगितलें कीं, आपल्या हातांच्या फिरण्याकडे लक्ष द्या. दुसऱ्यास सांगितलें कीं, काठीच्या फिरण्याकडे द्या. दुसऱ्या गटाचा नेम अधिक अचूक ठरला. शरीर आपलें काम जाणतें. त्याला उद्दिष्ट दाखवावें आणि मधून आपण बाजूस व्हावें, असा याचा अर्थ.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, "हा इंग्रजी शब्दांचा द्वेष झाला. आमच्या मुलांना उद्यां जिल्ह्याच्या नि राज्याच्या संघांत जावयाचें आहे. तेथें हेच शब्द कानीं पडणार." माझा इंग्रजी शब्दांशीं वैरभाव नाहीं. मद्रासेंत हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थानें १९२० सालीं वायएमसीएचें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. तेथून निघालेल्या शिक्षकांनीं देशभर जे खेळ नेले त्यांचे आपण ऋणी आहों, आणि त्या खेळांबरोबर त्यांचे शब्द येणारच. शब्द परका असला म्हणून बिघडत नाहीं. आपल्या विटीदांडूंतील वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द कोठले? ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे तेलुगु अंक ज्याच्या कानांवर आहेत त्याला तें सांगावयास नको. आणि जो भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता, त्या आपल्या भागांत ते सर्वांच्याच कानांवर आहेत. तरी दूर पुण्याकडच्या, तेलुगु न जाणणाऱ्या मुलांनाहि त्या शब्दांनीं कधीं गोंधळांत पाडलें नाहीं. कां? कारण प्रत्येक शब्दाला एकच अर्थ होता. विटी अंगाच्या कोणत्या भागावर ठेवून टोलवावयाची हें त्या शब्दानें ठरे, मोठी मुलें तें करून दाखवीत, आणि मैदानावरील सर्वांना तें सारखेंच ठाऊक असे. शब्दाची परीक्षा त्याच्या कुळावरून नव्हे, त्याच्या कामावरून करावी.

परिभाषा निरुपयोगी आहे असेंहि माझें म्हणणें नाहीं. दोन वैद्य बोलतात तेव्हां त्यांना संक्षिप्त शब्द लागतात. दोन प्रशिक्षकांनाहि लागतील. पण वैद्य आपली भाषा रोग्यावर फेंकीत नाहीं. निदान चांगला वैद्य तरी फेंकीत नाहीं. तो म्हणतो, "जीभ दाखवा."

यावरून आमच्या पटांगणापुरते कांहीं नियम मीं ठरविले आहेत. इतर शिक्षकबंधु-भगिनींनीं त्यांचा विचार करावा. मुलाला प्रथम मारूं द्यावें आणि आपण गप्प राहावें. दोष दिसल्याखेरीज औषध काढूं नये. दोष दिसला तर एका वेळीं एकच सूचना द्यावी, आणि ती शक्य तों चेंडूविषयीं किंवा दिशेविषयीं असावी, हातापायांविषयीं नसावी: "तिसऱ्या बेसच्या डोक्यावरून मार," एवढें पुरे. जी सूचना आपणांस स्वतः करून दाखवितां येत नाहीं किंवा जिचा अर्थ साध्या वाक्यांत सांगतां येत नाहीं, ती उच्चारूं नये. सूचना दिल्यावर मुलाला विचारावें कीं, तुझ्या भाषेंत हें कसें सांगशील? त्यानें कोलामींत, गोंडींत, बंजारी बोलींत वा मराठवाड्याकडच्या मराठींत आपल्या सोबत्याला सांगावें. सोबत्याला समजलें तर शब्द खरा, न समजला तर दोष आपला. इंग्रजी शब्द शेवटीं सांगावा. ज्या मुलाचा फटका बसला आहे त्याला, "तूं हें जें करतोस त्याला इंग्रजींत असें म्हणतात," म्हणून सांगितलें कीं तो त्याला जन्मभर पुरतो.

विद्यार्थ्यांनो, ही गोष्ट केवळ पटांगणाची आहे असें समजूं नका. वर्गांतहि आम्ही कित्येकदां असेंच करतों. जो मुलगा घरीं अस्खलित बोलतो त्याला विभक्तींचे प्रत्यय पाठ करावयास लावून मुका करतों. जो बाजारांत कापसाचा हिशेब चुटकीसरशी करतो त्याला सूत्र विचारून घाबरवितों. सूत्र आणि प्रत्यय यांचें महत्त्व आहेच. पण तीं कृतीच्या मागून यावीं. तुम्हांस एखादी गोष्ट येत असतां शिक्षकांच्या शब्दांनीं ती येईनाशी झाली, तर त्या मुलीप्रमाणें निर्भयपणें विचारा. तिच्या प्रश्नानें एका शिक्षकाला एवढें शिकविलें. तुमच्या प्रश्नानें दुसऱ्याला शिकवील.

ती मुलगी आतां पुन्हां खेळावयास येऊं लागली आहे. फळा मीं पुसून टाकला. तिला मी एवढेंच सांगतों, "पळसाकडे मार." कधीं चेंडू पळसापर्यंत जातो, कधीं जात नाहीं. पूर्वींचा निःशंकपणा अद्याप पुरता परत आलेला नाहीं. अजूनहि क्वचित् चेंडू येण्यापूर्वीं तिचे ओठ हलतात. तें पाहिलें कीं मला माझ्या हातच्या त्या सात ओळी आठवतात. फळ्यावर लिहिलेलें पुसावयास क्षण पुरतो. मुलाच्या मनावर लिहिलेलें पुसावयास किती काळ लागतो, हें आम्हां शिक्षकांनीं खडू उचलण्यापूर्वीं आठवावें.